इंग्लंडात पोस्टडॉक: लॅबच्या बाहेरचं आयुष्य नक्की कसं असतं?

हरितद्रव्य
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. वनस्पतींच्या जैवरसायनशास्त्रात पीएचडी झालीये, सध्या पुण्यात पाषाण रोडवरच्या एका संस्थेत प्रोजेक्टवर आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठातून दोन वर्षांच्या पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या कंत्राटी संशोधनाच्या नोकरीची) ऑफर आलीये, वर्षाला ३९ हजार पौंड. बायको बँकेत आहे, कायम नोकरी. मुलगी साडेतीन वर्षांची. घरात दोन तट पडलेत. सासरेबुवांनी पौंडाचे रुपये करून बघितले आणि ते खूश आहेत, आईचं म्हणणं पोरीला थंडी सोसायची नाही.
लॅबमध्ये काय करायचं ते मला माहितीये, प्रोटीन सगळीकडे सारखंच बिघडतं. मला विचारायचंय ते बाकीचं. दिवस कसा जातो, पैसे पुरतात का, संध्याकाळी काय करता, बायकोने नोकरी सोडावी का. तिकडे राहिलेल्या किंवा राहून आलेल्यांनी खरं खरं सांगा. फेसबुकवरचे ट्युलिप बघून झालेत.

पिपेटवाला
अभिनंदन! आता सासरेबुवांना दुसरा आकडा द्या. व्हिसाच्या अर्जाबरोबर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी हेल्थ सरचार्ज भरायचा असतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. तिघांचे दोन वर्षांचे ५,६९२ होतात आणि ते सगळे आधी एकरकमी, पहिला पगार हातात पडायच्या आत. व्हिसाची फी वेगळी, टीबीची तपासणी वेगळी (ती ठरलेल्या क्लिनिकमध्येच करावी लागते, आपल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही). काही विद्यापीठं यासाठी बिनव्याजी कर्ज देतात पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तेव्हा एचआरला आजच मेल टाका. त्याच मेलमध्ये विचारा की तुमच्या विषयाला एटास (काही संवेदनशील विषयांसाठीची सरकारी परवानगी) लागतं का, लागत असेल तर त्याला वेळ जातो.
३९ हजारातून टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन जाऊन महिन्याला अडीच हजाराच्या आसपास हातात येतील. उत्तरेकडे दोन बेडरूमचं घर हजाराच्या आगेमागे मिळावं. हाच पगार घेऊन केंब्रिज किंवा ऑक्सफर्डला गेला असतात तर मी नको म्हटलं असतं, तिकडे अर्ध्याहून जास्त घरमालकाला जातात. शिवाय कौन्सिल टॅक्स आहे, म्हणजे तिथल्या पालिकेचा घरावरचा कर. विद्यार्थी होतो तोवर माफ होता, पोस्टडॉक झालो आणि पहिल्याच महिन्यात पाकीट आलं.

वऱ्हाडी_ढग
पॉपकॉर्न घेऊन बसलोय बे. हा धागा शंभरी गाठते.

सावनी_क
बायकोने नोकरी सोडावी का हा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलाय, मी तिथूनच सुरुवात करते.
नवरा भौतिकशास्त्रज्ञ, मी सांगलीत शाळेत शिक्षिका होते. डिपेंडंट व्हिसावर कामाला पूर्ण परवानगी असते, कागदावर काहीच अडचण नाही. पण इथला अनुभव नाही म्हणून मुलाखत नाही, आणि मुलाखत नाही म्हणून अनुभव नाही. पहिला हिवाळा मी खिडकीतून समोरच्या घरांची धुराडी बघत काढला. नवऱ्याकडे लॅब होती, कॉफीला माणसं होती, चिडायला बॉस होता. मला रोज एकाच माणसाशी बोलायला मिळायचं, आणि तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा दिवसभर इंग्रजी बोलून दमलेला. त्याचाही दोष नाही.
मग लायब्ररीत लहान मुलांचा गोष्टी-गाण्यांचा तास असतो तिकडे मुलाला घेऊन जायला लागले, तिथे एक पोलिश बाई भेटली, तिने सांगितलं की शाळेत टीचिंग असिस्टंटसाठी अर्ज कर. पोलीस रेकॉर्डची तपासणी होते, डीबीएस म्हणतात, ती झाली आणि लागले. पगार थोडा, पण सकाळी बाहेर पडायला कारण झालं. आज विचाराल तर मजेत आहे. पण तुमच्या मिसेसना बँकेत बिनपगारी दीर्घ रजा मिळत असेल तर राजीनामा देऊ नका. दोन वर्षांच्या कंत्राटावर कायम नोकरी ओवाळून टाकायची नसते.

हरितद्रव्य
@सावनी_क, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि अजून दिलेला नाही. (हे लॅपटॉपवरून.)

तर्कट
मी विरुद्ध बाजूने लिहितो. जाऊ नका. पोस्टडॉक म्हणजे शिकलेल्या माणसाकडून कमी पैशात काम करून घ्यायची पद्धत आहे. दोन वर्षांच्या कंत्राटातले पहिले सहा महिने स्थिरस्थावर व्हायला, शेवटचे आठ पुढची नोकरी शोधायला. मधल्या दहा महिन्यांत पेपर काढायचा. नाही निघाला तर दुसरं पोस्टडॉक, दुसरं शहर, परत तेच खोकी भरणं. माझा एक वर्गमित्र असाच फिरतोय, केस पांढरे झाले तरी कार्डावर 'रिसर्च असोसिएट'. कंत्राट संपलं की व्हिसाही लटकतो हे कुणी सांगत नाही.

पिपेटवाला
@तर्कट, सांगायला तर आलोय. एचआरला अजून एक विचारायचं: तुमची ग्रँट यूकेआरआयच्या (तिथल्या सरकारी संशोधननिधी संस्थेच्या) मान्य यादीतल्या संस्थेची आहे का. असेल तर ग्लोबल टॅलेंट व्हिसा मिळू शकतो, तो मालकाला बांधलेला नसतो. नोकरी बदलली तरी व्हिसा तुमचाच. संशोधकांना त्यावर तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, स्किल्ड वर्करवर (म्हणजे नेहमीच्या, मालकाला बांधलेल्या नोकरीच्या व्हिसावर) पाच, आणि त्या पाचाचे दहा करायचा प्रस्ताव मे २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत आलाय. नियम सारखे बदलतात त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी सरकारी साईट बघा, मी किंवा व्हॉट्सअ‍ॅप काय म्हणतं ते नको.
बाकी कंत्राटाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण भारतात प्रोजेक्टवर असलेल्या पोरांची फेलोशिप सहा-सहा महिने येत नाही त्याचं काय? इंग्लंडात निदान महिन्याच्या महिन्याला पगार येतो.

उणे_ऐंशी
दिवस कसा जातो विचारलंय तर सांगते. हँडलवरून ओळखलं असेलच, आमच्या मजल्यावरच्या उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीझरांची मी बिनपगारी आई आहे.
सकाळी नवाला लॅब. अकराच्या सुमाराला कॉफी, ती चुकवायची नाही, त्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच. जेवण म्हणजे सगळे गार सँडविच खातात, कीबोर्डसमोर. मी डबा गरम करते तेव्हा मायक्रोवेव्हपाशी दोनचार जण घुटमळतातच, आता तर एक जर्मन मुलगा शुक्रवारी 'आज काय' म्हणून विचारून जातो. साडेपाच-सहाला बिल्डिंग रिकामी. हे सुरुवातीला फार चमत्कारिक वाटतं. पुण्यात रात्री अकराला लॅबमध्ये वडापाव यायचा, इथे सहाला दिवे माझ्यामागे विझत जातात, कारण ते हालचाल बघून लागतात. कधीकधी स्थिर बसून पिपेटिंग करताना अंधार होतो आणि हात हलवावे लागतात.
ख्रिसमसला मात्र आमचं राज्य. २४ डिसेंबर ते नव्या वर्षापर्यंत विद्यापीठ बंद, हीटिंग बंद, बाहेरून सामान येणं बंद. पण पेशींना सुट्टी कळत नाही आणि लिक्विड नायट्रोजन उडतच राहतो. स्थानिक सगळे आपापल्या घरी जातात. मग मी, एक चिनी मुलगा आणि एक इराणी मुलगी वाटून घेतो. त्या बदल्यात दिवाळीत रजा मागितली की कुणी हूं की चूं करत नाही. दोन्हीकडचा फायदा.

वऱ्हाडी_ढग
हात हलवून दिवे लावते म्हणजे ताई, आमच्या गावाकडचा मांत्रिक अन् तुम्ही सेमच काम करता ना बा. हलके घ्या.

हार्पेंडनची_सई
वर कॉफीचा विषय निघालाय तर मला राहवत नाही. मी राहते त्या हार्पेंडनमध्ये रोथॅमस्टेड नावाची शेतीसंशोधन संस्था आहे, तिथे एका शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालूच आहे, एकाच रानात, वेगवेगळी खतं घालून. @हरितद्रव्य, तुमच्या विषयाचं तीर्थक्षेत्र, एकदा येऊन जा.
तर इथे १९२० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर काम करायचे. एकदा चहाच्या वेळी त्यांनी म्युरिएल ब्रिस्टल या सहकारी बाईंना कप दिला. त्या शेवाळावर संशोधन करायच्या. त्या म्हणाल्या नको, यात दूध नंतर घातलंय, मला आधी दूध घातलेला लागतो. फिशर म्हणाले काहीतरीच काय, चवीत काय फरक पडतोय. पलीकडून रोच नावाचे सहकारी म्हणाले, मग परीक्षाच घेऊ की. आठ कप केले, चार असे चार तसे, उलटसुलट क्रमाने. बाईंनी सगळे बरोबर ओळखले असं म्हणतात. पुढे फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात प्रयोग कसा मांडावा हे समजवायला हाच चहा घेतला, आणि आजही जगभरच्या संख्याशास्त्राच्या वर्गात तो शिकवतात. पुढे रोच आणि ब्रिस्टल यांचं लग्नही झालं.

मिरजकर
सई, मस्त. आकडा मी पुरवतो: आठातून चार निवडायचे तर सत्तर प्रकारे निवडता येतात, म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक.
अवांतर: त्याच काळात आपला एक माणूस लंडनमध्ये होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. युनिव्हर्सिटी कॉलेजमधून १९३६ साली पीएचडी केली आणि परत येऊन पिकांच्या पाहणीचं शास्त्र देशात रुजवलं. त्या वेळी बोटीने जायचं, घरी फोन नाही, पत्राचं उत्तर यायला कित्येक आठवडे. आणि आपण इथे हीटिंगवरून रडतोय.

उणे_ऐंशी
@मिरजकर, हीटिंगवरून रडणार. बिल मी भरते.

पिपेटवाला
चहाचं नुसतं कौतुक नाहीये, ते कामच आहे. केंब्रिजच्या एलएमबी या रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॅक्स पेरुट्झ यांनी कॅन्टीन मुद्दाम असं ठेवलं की सगळे एकत्र बसतील, आणि ते चालवायला त्यांची बायको गिझेला लक्ष घालायची. त्या इमारतीतून किती नोबेल बाहेर पडली ते शोधून बघा, २००९ चं व्यंकी रामकृष्णन यांचंही तिथलंच. आपली पोरं नवीन आली की 'काम करायचंय' म्हणून कॉफीला जात नाहीत. मग सहा महिन्यांनी तक्रार करतात की कुणी बोलत नाही. अरे, इथली माणसं बोलतात तेव्हाच बोलतात. कुठल्या मशीनवर जागा आहे, कुठली ग्रँट उघडणार आहे, कोण नोकरी सोडतंय, हे सगळं तिथेच कळतं. माझं पुढचं कंत्राट मला कॉफीच्या टेबलावर मिळालं.

तर्कट
म्हणजे चहा पिऊन नोबेल मिळतं. आमच्या चौकातल्या अमृततुल्यवर आजवर किती आली असती.

म्हापशेकार
गोंयकार हजर. मी डिडकॉटजवळ हारवेलला राहतो, डायमंड सिंक्रोट्रॉनला. अर्ध्या किलोमीटरहून जास्त घेराचं कडं, त्यात इलेक्ट्रॉन फिरतात, एक्स-रे मिळतात. लोकांना वाटतं मी गोऱ्यांच्यात एकटा असेन. शनिवारी गाडी काढून स्विंडनला जातो, तिथे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले इतके गोंयकार आहेत की मासळीच्या दुकानात कोंकणी चालते. बांगडा मिळाला की आठवडा सुटला.
@हरितद्रव्य, प्रोटीनचे स्फटिक करत असाल तर बीमटाईम (यंत्रावर आपल्याला मिळालेली वेळ) म्हणजे रात्रपाळी हे आता फारसं राहिलं नाही. स्फटिक नायट्रोजनमध्ये गोठवून कुरिअर करायचे आणि घरी बसून डेटा गोळा करायचा. तुमच्या पोरीला झोपवता झोपवता होईल.

खोडदकर
जुन्नर तालुक्यातला आहे, घराच्या मागून जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश दिसतात. मँचेस्टरजवळ जॉड्रेल बँकला पहिल्यांदा गेलो तर मोठी दुर्बीण, ७६ मीटरची, आणि आजूबाजूला गायी. सोबतच्या इंग्रजाला म्हटलं आमच्याकडे ४५ मीटरच्या तीस आहेत, आणि आजूबाजूला टोमॅटो. मोबाईल बंद ठेवा ही पाटी दोन्हीकडे. एवढं घरासारखं मला इंग्लंडात दुसरीकडे कुठेच वाटलं नाही.

सावनी_क
घराचं कुणीच बोलत नाहीये म्हणून सांगते. भाड्याचं घर बघायला जाल तेव्हा खिडक्यांचे कोपरे आणि कपाटाच्या मागची भिंत बघा, काळी बुरशी असेल तर पाय मागे. कपडे घरातच वाळवावे लागतात, ती ओल भिंतीत जाते. एक डीह्युमिडिफायर घ्या, दिवसाला डबाभर पाणी निघतं. बाथरूमच्या फरशीला पाणी जायला जाळी नसते हो! बादली-तांब्याने अंघोळ केलीत तर खालच्या खोलीच्या छतातून पाणी ठिबकणार. टबात उभं राहूनच काय ते. बेसिनला गरम आणि गार वेगळे नळ, एकात पोळतं, दुसऱ्यात गारठतं.
डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, कायदा आहे, आणि ते ठरलेल्या योजनेत ठेवावं लागतं. आमच्या पहिल्या घरमालकाने ठेवलंच नव्हतं.
आणि फोडणी द्यायच्या आधी किचनचं दार बंद, खिडकी उघडी. स्मोक अलार्मला मोहरी आणि आग यातला फरक कळत नाही.

वऱ्हाडी_ढग
वरच्याला +१. आमच्या होस्टेलात ठेच्यापायी अग्निशमनची गाडी आली होती. सगळी बिल्डिंग पजाम्यात रस्त्यावर, बर्फ पडून राहिला, अन् साहेब विचारते कुठलं केमिकल होतं. म्हटलं, भिवापुरी मिरची.

मिरजकर
हाहाहा. प्रतिसाद ऑफ द धागा.

रेवा_मुंबई
मी तिकडे राहिलेली नाही, पण केंब्रिज निघालंय आणि कमला सोहोनींचं नाव कुणीच घेतलं नाही याचं नवल वाटलं. माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंची बहीण. १९३३ साली बंगलोरला रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या, मग वर्षभर परीक्षेवर ठेवून घेतलं. पुढे केंब्रिजला न्यूनम कॉलेज, आणि बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं. १९३९ ला पीएचडी, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. @हरितद्रव्य, वनस्पतींचं जैवरसायन म्हणजे तुमचंच की.

हरितद्रव्य
चाळीस पानं! माझी नुसती संदर्भसूचीच त्याहून मोठी होती.

तर्कट
आणि त्या परत आल्या. नारळीकरही १९७२ ला परत आले, केंब्रिज सोडून, आणि १९८८ ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. माझा मुद्दा तोच आहे.

पिपेटवाला
तुमचा मुद्दा 'जाऊ नका' होता. हे दोघेही आधी गेले होते.

तर्कट
मान्य. मुद्दा बदलला, 'जा आणि या' करा.

उणे_ऐंशी
येणं इतकं सोपं असतं तर. बायका परत यायचं म्हणतात तेव्हा मुलाखतीत पहिला प्रश्न मधल्या दोन वर्षांच्या गॅपचा. नारळीकरांच्या नावाने प्रत्येकाला हाणायचं सोडा, त्यांना परत यायला जागा होती. आम्ही भारतात अर्ज पाठवला की पोच सुद्धा येत नाही.

संपादक_मंडळ
धागा मूळ विषयावर ठेवावा ही विनंती. परत यावं का यावर आधीच चार धागे आहेत आणि चारही कुलूपबंद आहेत.

हरितद्रव्य
सर्वांचे आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. तर ठरलं असं: बायकोला बँकेत एक वर्षाची बिनपगारी रजा मिळेलसं दिसतंय. मी आधी जाऊन घर बघणार, बुरशी तपासणार, मग दोघी येणार. एचआरचं उत्तर आलं, कर्ज देतात. ग्रँट यादीत बसते की नाही ते बघून सांगतो म्हणालेत. दोन शंका राहिल्यात. मुलीच्या पाळणाघराचं काय? तिकडे सरकार आठवड्याला तीस तास देतं असं ऐकलंय. आणि डॉक्टरचं? सरचार्ज एवढा भरल्यावर औषधं फुकट ना?

सावनी_क
तीस तास कामावर जाणाऱ्या आईवडिलांसाठी असतात, आणि दोघांच्याही व्हिसावर 'पब्लिक फंड्स नाहीत' (म्हणजे सरकारी मदत मिळणार नाही) असं असेल तर ते मिळत नाहीत. पण तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांना पंधरा तास मिळतात, व्हिसा कुठलाही असो, शाळेचं वर्ष चालू असतं तेवढे आठवडे. त्यावरचे तास मात्र खिशातून, आणि ते महाग आहेत. मुलगी चार पूर्ण झाली की येणाऱ्या सप्टेंबरला सरकारी शाळेत रिसेप्शनचा वर्ग, तो फुकट. अर्जाची तारीख १५ जानेवारी असते, नंतर आलात तर कौन्सिलकडे अर्ज करायचा, जिथे जागा असेल ती शाळा मिळते. पोरीची काळजी करू नका, चार महिन्यांत ती तुमचे उच्चार सुधारायला लागेल.

उणे_ऐंशी
डॉक्टर फुकट, औषध नाही. मोठ्या माणसाला इंग्लंडात एका औषधाला ९.९० पौंड, मुलांना माफ. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये मात्र सगळ्यांनाच माफ, आहे की नाही गंमत. पोचल्या पोचल्या जवळच्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका. रात्री-बेरात्री १११ या आरोग्यसेवेच्या हेल्पलाइनला फोन. बहुतेक वेळा उत्तर पॅरासिटामॉल हेच असतं. आणि ऑक्टोबरपासून ड जीवनसत्त्वाची गोळी चालू करा, डिसेंबरात तुमच्याकडे पावणेचारलाच सूर्य मावळतो.

मिरजकर
मतदारयादीतही नाव घाला. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून तिथल्या निवडणुकीत मत देऊ शकतात, क्रेडिट स्कोअरलाही मदत होते. मी तिकडे असताना खासदार निवडला आणि इकडे मिरजेत माझं नाव यादीतून उडालेलं.

हरितद्रव्य
हे माहीतच नव्हतं! शेवटचं, बॅगेत काय भरू? आई आत्तापासून डबे बाहेर काढून बसलीये. पेढे म्हणतीये.

म्हापशेकार
दुधाचं आणि मांसाचं भारतातून आणता येत नाही, पेढे-तूप कस्टमवाले काढून घेतील. बाकरवडी, मेतकूट, कोकम बिनधास्त आणा.

सावनी_क
कुकर घ्यायच्या आधी घराची शेगडी कुठली ते विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा लागेल, बुडाला लोहचुंबक चिकटतं का ते दुकानातच बघून घ्या. रिंगा दोन जास्तीच्या टाका. डाळ-तांदूळ नका आणू, ते सगळं मिळतं. पोळपाट आणा, तवा मात्र तिकडेच घ्या.

वऱ्हाडी_ढग
अन् ठेचा?

सावनी_क
ठेचा दार बंद करून.